चोकला पाजलेलं तेल

बी.ए. होऊन मी शेळगावला घरी परतलो तेव्हा नोकरीचे अर्ज करण्यापलीकडे माझ्याकडे काही काम नव्हतं. अर्जांना उत्तरं येत नव्हती. म्हणून तो सगळा हिवाळा मी दादाच्या जुन्या पिकअप गाडीचं इंजिन सुरू करायचं हँडल फिरवत काढला. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण अजूनही थंडीत पहाटे माझा उजवा खांदा माझ्याआधी जागा होतो.

गाडी लढाईतली होती. लढाई संपल्यावर लिलावात निघालेल्या गाड्यांपैकी एक, दोन मालकांच्या हातांतून दादाकडे आलेली. रंग मूळचा हिरवा, नंतर कुणीतरी वरून निळा दिलेला, आणि जिथं निळा उडाला तिथं पुन्हा हिरवा दिसायचा. पुढं दोन माणसांची जागा, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. दादा पहाटे ती कळंबला न्यायचा. कालव्याच्या पाण्यावरच्या मळ्यांतून वांगी, टोमॅटो, मेथी भरलेल्या पाट्या हौद्यात चढवायचा आणि उजाडता उजाडता बारामतीच्या स्टेशनवर पोचवायचा. तिथून दौंडला जाणारी छोटी रेल्वे सुटायची आणि माल पुढं पुण्या-मुंबईला जायचा. रेल्वे चुकली की दुपारपर्यंत मेथी मान टाकायची आणि बारामतीतच मिळेल त्या भावाला द्यावी लागायची.

दादानं लवकर शाळा सोडली आणि मी शिकत राहिलो. या दोन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच वेळी ठरल्या होत्या. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट मी घरी आल्यापासून तो मला हाक मारतानाच 'बी.ए.' म्हणायचा, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुक जास्त असायचं.

"ये बी.ए., हँडल घे."

अंगणात दव पडलेलं असायचं. वहिनी चुलीपुढं असायच्या. मी घोंगडी अंगावरून काढायचो, गाडीच्या नाकात हँडल घालायचो आणि फिरवायला लागायचो. आत इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. पुन्हा फिरव, पुन्हा खोकणं. बॅटरीवर चालू करायची सोय होती, पण थंडीत ती बॅटरी आमच्याही आधी दमायची.

ज्यांनी अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण जिथं होतं तो कार्बोरेटर. त्याच्या तोंडाशी एक पितळी पातं असतं, दांडीवर फिरणारं. त्याला चोक म्हणतात. स्टिअरिंगजवळ एक गुंडी असते. ती ओढली की तारेनं ते पातं मिटतं, हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं, आणि गार इंजिन पेट घेतं. इंजिन तापलं की गुंडी आत ढकलायची. पातं उघडतं आणि गाडी नीट चालते. यात फार काही कठीण नाही. पण आमच्या गाडीत हेच होत नव्हतं. पहाटे गाडी सुरू व्हायची नाही. सुरू झालीच तर वाटेत काळा धूर सोडायची, प्लग काजळायचे, आणि कुठंतरी उसाच्या फडाशेजारी ती उभी राहायची.

दादानं ज्याला जे जे सुचलं ते सगळं करून पाहिलं होतं. प्लग बदलले. पेट्रोलची नळी तोंडानं फुंकून साफ केली. चोकची तार नवी घातली. बारामतीच्या मिस्त्रीला तर त्यानं इतक्यांदा गाडी दाखवली की गाडी वळणावर दिसली की मिस्त्री हात पुसत बाहेर यायचा. तो गुंडी ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. पातं झकास मिटायचं आणि उघडायचं.

"आहो, चोक तर लोण्यासारखा चालतोय," मिस्त्री म्हणायचा. "तुमच्या शेळगावच्या थंडीला मी काय पाना लावू का?"

"लावा की. मी धरतो तिला," दादा म्हणायचा.

हसणं व्हायचं, चहा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

खरं संकट होतं ते कळंबच्या आबांचं. आबा म्हणजे दादाला सगळ्यात जास्त माल देणारे बागायतदार. वयानं मोठे, बोलायला कमी. त्यांच्या पाट्या होत्या म्हणून बाकीचे मळेवालेही दादाकडे पाट्या देत. आबांनी हात काढून घेतला असता तर गाडीचा फेराच बंद पडला असता. आणि आबांचा एक नेम होता. अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत. आमच्याकडे बरेच जण हा नेम पाळत, पण आबा तो देवपूजेसारखा पाळत. एरवी दादाची गाडी आली नाही तर ते निदान बैलगाडीनं माल हलवू शकत. अमावास्येला तीही वाट बंद. मागच्या अमावास्येला नेमकी आमची गाडी घरच्या अंगणातून हललीच नाही, आणि आबांची वांगी बांधावर उन्हात पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आबा बांधावर बसले होते. दादा खाली उतरला आणि पाट्या उचलायला लागला.

"थांब जरा," आबा म्हणाले. "इंदापूरचा एक लॉरीवाला येऊन गेला. म्हणतो, रोज नेतो माल."

दादा पाटी हातात धरून उभाच राहिला.

"मी त्याला व्हय म्हनलं न्हाय अजून. पुढल्या अवसंपतुर बगतो. त्या दिशी तू वक्ताला आलास तर तू. न्हायतर तो. आता ठिव ती पाटी, हात दुखंल."

वाटेत, बारामतीच्या अलीकडे जळोचीची वस्ती दिसायला लागली तेव्हा दादा एकदम म्हणाला, "तुला इंग्लिश येतं. गाडी इंग्लिश हाय. बग की तिला काय झालंया."

तो थट्टेनं म्हणाला, पण मला ते लागलं. इंग्रजीत मी कविता आणि निबंध वाचले होते. गाडीबद्दल मला एवढंच कळत होतं जेवढं त्या हिवाळ्यात हँडल फिरवून कळलं. तरी मी ठरवलं की निदान नीट पाहायचं.

पहिली गोष्ट मी पाहिली ती दादाचाच एक उपाय. गाडी अगदीच ऐकेना तेव्हा तो बॉनेट उघडून, हवा गाळायचं भांडं काढून, कार्बोरेटरच्या तोंडावर सरळ तळहात ठेवायचा आणि मला हँडल मारायला सांगायचा. हवा अडली की बऱ्याचदा इंजिन धरायचं. कधी पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजायचे आणि मग अर्धा तास गप्प बसावं लागायचं. पण हातानं हवा अडवली की इंजिन धरतं, याचा अर्थ प्लग ठीक आहेत, पेट्रोल येतंय. म्हणजे दोष फक्त पात्याचा. मी हे दादाला सांगितलं.

"आरं पण मिस्त्री बगतो तवा पातं चालतंय की."

"मिस्त्री बघतो तेव्हा गाडी तापलेली असते," मी म्हणालो. "आपण बारामतीला पोचल्यावर त्याच्याकडे जातो. ती गार असताना कुणी पाहिलंय?"

ती गार असताना आम्ही दोघंच असायचो, आणि तेव्हा निघायची घाई असायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. बॉनेट उघडलं, भांडं काढलं, हातबॅटरीचा उजेड पात्यावर धरला. "आता गुंडी ओढ," मी म्हणालो. त्यानं ओढली. तार ताणली, तिच्यावरची नळी धनुष्यासारखी वाकली. पातं जरासं हललं आणि थांबलं. मी बोटानं ढकललं. लोणच्याच्या बरणीचं झाकण खारानं धरावं तसं ते धरून बसलं होतं. दांडीच्या दोन्ही टोकांना पिवळसर, चकचकीत असं काहीतरी होतं. मला वाटलं गंज असेल, किंवा पेट्रोलचा मळ.

"अडलंया व्हय?" दादानं वाकून पाहिलं. "थांब." त्यानं सीटखालून करडईच्या तेलाची लहान बुधली काढली, दांडीवर दोन थेंब सोडले, बोटानं पातं मागंपुढं केलं. ते हळूहळू सुटलं. "बगितलंस? ह्येला रोज तेल लागतं. मी रोज पाजतो. तरी हे असं."

त्या दिवशी गाडी निघाली. मला वाटलं तेल कमी पडतंय. मीच त्याला म्हणालो की संध्याकाळी गाडी लावतानाही दोन थेंब सोडत जा. तो सोडायला लागला. त्या आठवड्यात आम्ही रोज उशिरा पोचलो.

अमावास्या जवळ आली तशी घरातली बोलणी कमी झाली. दादा जेवताना मध्येच थांबायचा. एकदा वहिनी त्याला म्हणाल्या, "आवो, जेवताय का गाडी चालवताय?" तो म्हणाला, "चालली असती तर जेवलो असतो."

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी मी आमच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या विहिरीवर गेलो होतो. त्यांची जमीन कालव्याच्या वर, म्हणून त्यांच्याकडे अजून मोट होती. तात्या ती चामड्याची मोट जमिनीवर पसरून तिच्यावर करडईचं तेल चोळत बसले होते. आमच्याकडे त्याला तेल पाजणं म्हणतात. एक जुनी, आधी तेल पाजलेली मोट शेजारी उन्हात वाळत होती.

"बस," तात्या म्हणाले. "लागलं का काम कुठं?"

"नाही अजून."

"लागंल. गाडी तरी चालतीय का?"

"तीही नाही."

"मग बराय. दोघं बराबर हायसा."

मी त्या वाळत्या मोटेवर सहज हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. चामडं ओलं नव्हतं, तेलकटही नव्हतं. त्यावर पिवळसर, चकचकीत अशी कातडी धरली होती. नख लावलं तर नखाला धरणारी.

"हे तेल असं वाळतं?" मी विचारलं.

"वाळलं न्हाय तर पाणी गळंल की," तात्या म्हणाले. "म्हणून तर पाजायचं. एक थर वाळला की वर दुसरा. उन्हं लागली की टनक."

मी उठलो. हे काही माझं शिक्षण नव्हतं. घरात प्रत्येकालाच हे ठाऊक होतं, दादालाही. त्यानं स्वतः लहानपणी मोटा तेलवल्या होत्या. पण मोट वेगळी आणि गाडी वेगळी. एका जागचं माहीत असलेलं दुसऱ्या जागी कुणी नेलं नव्हतं. आम्ही रोज त्या दांडीवर एकेक थर देत होतो, रस्त्याची धूळ त्यात बसत होती, आणि रात्रीच्या गारठ्यात ते टणक होत होतं. म्हणून पातं आधी नीट मिटायचं नाही, आणि मिटलं तर वाटेत उघडायचं नाही. इंजिन पुरतं तापलं की ते तेल मऊ पडायचं. तेव्हा मिस्त्री पाहायचा.

घराकडे येताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दादा त्या गाडीची जितकी काळजी घेत होता तितकी दुसऱ्या कशाचीच घेत नव्हता, आणि ती काळजीच तिला अडवत होती. हे त्याला कसं सांगायचं, याचाच विचार मी वाटभर करत होतो.

तो अंगणात गाडीखाली आडवा पडला होता. फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशी बसून सांगितलं. मोटेचं, तेलाचं, पिवळ्या कातडीचं. पाय हलले नाहीत.

"तेलानं अडतं व्हय?" आतून आवाज आला. "तेलानं सुटतं."

"पहिल्यांदा सुटतं. मग वाळतं."

मग तो सरपटत बाहेर आला, उठून बसला, हातांकडे बघत राहिला.

"मग मीच की रं," तो म्हणाला. "रोज उठून मीच."

"मीपण. संध्याकाळचे थेंब मी सांगितले."

"तू बी.ए. हायस. तुला काय म्हायती," तो म्हणाला, आणि थोडासा हसला. फार दमलेलं हसू होतं ते.

आम्ही कार्बोरेटर सोडवला. रॉकेलनं चोळून पाहिलं, पण ती कातडी जरा मऊ पडायची, सुटायची नाही. मग वहिनींनी तेलाचं पातेलं घासतात तसं कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून दिला. त्यात बुडवून, बाभळीच्या काट्यानं दांडीच्या भोकातला पिवळा थर उकरत आम्ही दिवस मावळेपर्यंत बसलो. पोपडे निघत होते. शेवटी पातं स्वतःच्या वजनानं पडायला लागलं. दादानं ते पुसून कोरडं केलं, जोडलं, आणि सवयीनं सीटखाली हात घातला. बुधली हाताला लागली. त्यानं ती तशीच आत ढकलली.

पहाटे त्यानं गुंडी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. पातं मिटल्याचा बारीक आवाज आला. मी हँडलला जेमतेम एक फेरा दिला असेल, इंजिन लागलं. वहिनी दारात आल्या. दादानं हळूहळू गुंडी आत ढकलली. धूर नाही. इतके थकलो होतो की आनंदाला लागतं तेवढंही बळ उरलं नव्हतं.

कळंबला आम्ही वेळेच्याही आधी पोचलो. बाकीच्यांच्या पाट्या बांधावर होत्या. आबांच्या नव्हत्या. गोठ्यात बैल नव्हते.

"आबा कुठं हायत?" दादानं त्यांच्या सुनेला विचारलं.

"बैल जुंपून कवाच गेलं. म्हनलं, गाडीचा काय भरवसा."

"आज अवस हाय की," दादा म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली आणि आत गेली.

दादानं बाकीच्यांच्या पाट्या भराभर हौद्यात चढवल्या. लॉरीवाल्याला आबांनी होय म्हटलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. आबांनी नेम मोडला होता, आणि तो आमच्यामुळं मोडला होता.

बारामती बरीच लांब असताना आबांची गाडी दिसली. बैल मान खाली घालून चालले होते. दादानं पिकअप पुढं नेऊन कडेला उभी केली, उतरला, आणि बैलांसमोर जाऊन उभा राहिला. आबांनी कासरा ओढला.

"आलास," आबा म्हणाले.

"आलो."

"लवकर आलास."

"चोक सुटला, आबा. आता रोज यीन."

आबांनी पिकअपकडे पाहिलं. इंजिन चालूच होतं, एका लयीत. मग ते खाली उतरले आणि जू सोडायला लागले. "जेवडं चाललं तेवडं चाललं. आता हितनं पुढं एक पाऊल न्हाय. उचल पाट्या."

पाट्या दादानं एकट्यानं उचलल्या. मी हात लावायला गेलो तर त्यानं मला सरकवलं. आम्ही रेल्वे गाठली. पाट्या डब्यात चढल्या, रेल्वे सुटली. मिस्त्रीच्या दुकानावरून आम्ही न थांबता गेलो. तो हात पुसत बाहेर आला होता आणि तसाच उभा राहिला.

परत येताना आबा तिथंच होते. लिंबाखाली बैल बांधलेले, जू गाडीवर टाकलेलं, आणि आबा पटका उशाला घेऊन आडवे. अमावास्या सुटेपर्यंत ते बैल पुन्हा जुंपणार नव्हते. गाडी तिथं, बैल तिथं, आणि आबा तिथं.

दादानं पिकअप थांबवली, इंजिन बंद केलं. सीटखालून करडईच्या तेलाची बुधली काढली. बैलांपाशी गेला आणि तळहातावर तेल घेऊन जू घासलेल्या जागी बैलांचे खांदे मळायला लागला, बैलांच्या बेंदूर सणाच्या आदल्या दिवशी मळतात तसे. आधी एकाचे, मग दुसऱ्याचे. सावकाश, दाबून. बैलानं डोळे मिटले.

आबा पडल्या पडल्या बघत होते. "बेंदूर लांब हाय अजून," ते म्हणाले.

"व्हय," दादा म्हणाला आणि मळत राहिला.

"त्या लॉरीवाल्याला नगं म्हनून सांगतो," आबा म्हणाले. "पुढल्या अवसंला मी काय बैल जुंपणार न्हाय. ध्यानात ठिव."

"ठिवतो."

बुधली रिकामी झाली तेव्हा दादानं ती झाडाच्या बुडाशी ठेवली. वहिनींनी बांधून दिलेली आमची भाकरी आबांच्या उशाजवळ ठेवली. त्या सावलीत इंजिन बरंच गार झालं होतं. मी हँडल घ्यायला वाकलो. दादानं गुंडी ओढली, पातं मिटलं, आणि पहिल्याच फेऱ्याला गाडी लागली.

आवाजानं बैल जरा दचकले. आबांनी डोळे न उघडता हात हलवला.

"लागली ना? मग जावा आता. बैलांना झोपू द्या."